तेरा नंबरचे घर

निवृत्त माणसाने पाठीवर सॅक अडकवून हिंडू नये, असा काही सरकारी नियम नाही. पण आमच्या घरात तो आहे, हे मला परवा फेब्रुवारीत कळले. दिल्लीला भाच्याचे लग्न होते. लग्न उरकले, वऱ्हाड परतीच्या गाडीला लागले आणि मी जाहीर केले की मी चार-पाच दिवस मागे राहतो, एकटाच फिरतो. मुलीची कॉलेजातली जुनी सॅक मी मुंबईहूनच बॅगेत घडी घालून आणली होती. म्हणजे गुन्हा पूर्वनियोजित होता. "या वयात हे काय खूळ? गुडघ्याचं बघा आधी," बायको म्हणाली. मी म्हणालो, सॅक पाठीवर असते, गुडघ्यावर नसते. या युक्तिवादात फारसा दम नव्हता, पण गाडीने शिट्टी दिली आणि चर्चा तेवढ्यावर थांबली.

वऱ्हाडाला गाडीत बसवून मी नवी दिल्ली स्टेशनाच्या पहाडगंज बाजूने बाहेर पडलो. लगेच एक गृहस्थ पुढे आले. माझ्या हातातली हॉटेलची चिठ्ठी वाचून त्यांनी अत्यंत दुःखी चेहऱ्याने सांगितले की हे हॉटेल कालपासून बंद झाले, पण काळजी नको, ते मला दुसरे दाखवतील. मी तेहतीस वर्षे बँकेत काढली आहेत. इतक्या दुःखी चेहऱ्याच्या माणसाला कर्ज द्यायचे नसते, एवढे मला कळते. हॉटेल अर्थातच उघडे होते.

पण त्या हॉटेलात झोप मात्र लागली नाही. मेन बाझारात रात्री एक वाजेपर्यंत ई-रिक्षा, मोटारसायकली, हातगाड्या, फेरीवाले आणि माझ्यासारखेच सॅकवाले एकमेकांना ढकलत होते. पहाटे चारला दूधवाले सुरू झाले. दोन दिवसांत मी चावडी बाजार पाहिला, जामा मशीद पाहिली, छोले-कुलचे खाल्ले आणि एका रिक्षाच्या चाकाखाली जाता जाता वाचलो. दिल्लीला मी वाईट म्हणणार नाही. मी मुंबईचा आहे. गर्दीला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण दुसऱ्या रात्री उशीखाली कान दाबून पडलो असताना एक विचार मनात आला. दिल्ली हे काही आपोआप वाढलेले गाव नव्हे. शाहजहानने सतराव्या शतकात ते आखून वसवले. इंग्रजांनी विसाव्या शतकात शेजारी आणखी एक आखले आणि १९३१ मध्ये त्याचे थाटात उद्घाटन केले. म्हणजे दोनदा आखलेले शहर! पण दोन्ही वेळा आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सिंहासन होते. बाकीच्यांनी उरलेल्या जागेत मावायचे होते. ते अजून मावत आहेत.

मग, सामान्य माणसाला समोर ठेवून आखलेले शहर कसे असते? तेच पाहायला मी निघालो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चंडीगडची शताब्दी पकडली.

गाडी साडेतीन तासांची. वाटेत पानिपत येते. पानिपत आले की मराठी माणूस हातातला चहा खाली ठेवून खिडकीबाहेर बघतो. बघण्यासारखे काही नसते, स्टेशनासारखे स्टेशन असते, तरी बघतो. मग कुरुक्षेत्र, मग अंबाला. इतक्या लढायांच्या मुलुखातून गेल्यावर चंडीगडला उतरणे म्हणजे कोणीतरी पंखा बंद केल्यावर खोलीत जी शांतता पसरते, तसे वाटले.

स्टेशन शहरापासून जरा लांब आहे. मी बस पकडली. हॉर्न वाजत नव्हते असे नाही, पण ते कारणाने वाजत होते. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना झाडे, एका रस्त्यावर एका जातीची. शहराच्या हिरवाईमागे महिंदरसिंग रंधावा या सनदी अधिकाऱ्याचा मोठा हात आहे. झाडांची निवड करताना त्यांनी सावली आणि फुलण्याचा महिना यांचा विचार केला. बहावा, गुलमोहर, निळा मोहर यांच्या पाळ्या ठरवून दिल्या. कंडक्टरला मी सेक्टर २२ सांगितले. त्याने माझ्या सॅककडे, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि कोणाला तरी उठवून मला खिडकीजवळची जागा दिली. दोन दिवस दिल्लीत धक्के खाल्ल्यावर माणूस एवढ्यानेही हळवा होतो.

खोली मिळाली, सॅक टाकली आणि मी पायी निघालो. पहिल्या तासातच हरवलो.

चंडीगडमध्ये हरवणे ही मोठी नामुष्कीची गोष्ट आहे, कारण हे शहर म्हणजे हिशेबाची वही आहे. एक सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद आणि १,२०० मीटर लांब. प्रत्येकात शाळा, बाजार, दवाखाना आणि मधून जाणारा हिरवा पट्टा, म्हणजे पोराला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. रस्त्यांचे सात वर्ग. राज्यमार्गापासून थेट घराच्या दारापर्यंत येणाऱ्या वाटेपर्यंत. आकड्यांत रमणाऱ्या माणसाला इथे एक जास्तीची गंमत सापडते. पहिल्या टप्प्यातल्या बऱ्याच सेक्टरांत वरच्या आणि त्याच्या खालच्या सेक्टरची बेरीज तेराच्या पटीत येते. ४ च्या खाली ९, बेरीज १३. ९ च्या खाली १७, बेरीज २६. १७ च्या खाली २२, बेरीज ३९. आणि मौज अशी, की खुद्द १३ नंबरचा सेक्टरच या शहरात ठेवलेला नव्हता! २०२० मध्ये मनीमाजरा या जुन्या गावठाणाला तो आकडा दिला गेला. सुमारे सत्तर वर्षे हे शहर तेराच्या पाढ्यावर उभे होते आणि तेरा मात्र गैरहजर होता.

तरीही मी हरवलो, त्याचे कारण असे की मोठ्या रस्त्यांकडे इथल्या घरांनी पाठ केलेली आहे. तुम्ही रुंद, सावलीच्या रस्त्याने चालत राहता. बाजूला फक्त भिंती आणि झाडे. दुकान नाही, पानवाला नाही, दारात बसलेली म्हातारी नाही. शहर गेले कुठे, असा प्रश्न पडतो. शहर आत असते. आत वळल्याशिवाय ते भेटत नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १९४७ मध्ये पंजाबची फाळणी झाली आणि लाहोर पलीकडे गेले. अलीकडच्या पंजाबला राजधानीच उरली नाही. कारभार तात्पुरता सिमल्यात थाटला गेला आणि १९४८ मध्ये शिवालिकच्या पायथ्याशी नवी जागा निवडण्यात आली. जवळच्या चंडीच्या देवळावरून नाव पडले चंडीगड. पहिला आराखडा आल्बर्ट मेयर या अमेरिकन नगररचनाकाराने केला. त्याचा तरुण सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेला. मग प्रशासक पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा हे दोघे युरोपात गेले आणि ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध आर्किटेक्टला घेऊन आले. त्याच्याबरोबर त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य. कॉर्बुझिए वर्षातून थोडे दिवस येई. फ्राय आणि ड्रू तीन वर्षे राहिले. जानरे मात्र १९६५ पर्यंत इथेच राहिला. त्यांच्या हाताखाली तरुण भारतीयांची तुकडी होती. ऊर्मिला चौधरी, आदित्य प्रकाश, एम. एन. शर्मा आणि त्यांतच ए. आर. प्रभावळकर हे एक आपल्याकडचे आडनाव. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी शहराचे उद्घाटन केले.

हे सगळे कोणत्याही माहितीपुस्तकात सापडते. मला ज्याची ओढ होती ती गोष्ट त्यांत जेमतेम एका ओळीत असते. सरकारी नोकरांसाठी इथे घरांचे तेरा प्रकार ठरवण्यात आले. एक नंबर मुख्यमंत्र्यांसाठी, दोन नंबर मंत्री आणि न्यायमूर्तींसाठी, असे पगाराच्या उतरंडीने खाली येत येत तेरा नंबर शिपायासाठी. ज्या आर्किटेक्टने नकाशा काढला, त्याच्या नावाचे आद्याक्षर आकड्यापुढे. आता, उतरंड सगळ्या सरकारांत असते. बँकेतही कोणाला खुर्चीला हात आणि कोणाला बिनहाताची, हे परिपत्रकाने ठरते. पण १९५० च्या दशकात त्या शेवटच्या, तेराव्या घरात काय दिले होते? दोन खोल्या, ओटी, स्वयंपाकघर, मागे अंगण आणि स्वतःची न्हाणी व स्वतःचा संडास.

माझे वडील शिपाई होते. मुंबईत, एका सरकारी कचेरीत. म्हणून मी आलो होतो.

सेक्टर २२ च्या आतल्या गल्लीत मी नकाशा उलटासुलटा करत उभा होतो. समोरून पिस्ता रंगाची पगडी बांधलेले, सत्तरी ओलांडलेले एक सरदारजी आले. "किस नंबर की तलाश है?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, नंबर असा नाही, शिपायांची जुनी घरं बघायची आहेत. ते थबकले. इथे लोक विधानसभा बघायला येतात, गुलाबाची बाग बघायला येतात. "ती कशाला?" मी सांगितले, "माझे वडील शिपाई होते." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "मेरे भी."

त्यानंतर आम्ही दोन तास बरोबर होतो. त्यांचे वडील लाहोरच्या सेक्रेटरिएटात शिपाई. फाळणीत हातात एक ट्रंक घेऊन आले. कचेरी सिमल्याला गेली तसे तेही गेले. तिथे एका खोलीत दोन कुटुंबे. मग कचेरी खाली चंडीगडला उतरली आणि वडिलांच्या नावाने घराचा कागद निघाला. सरदारजी तेव्हा चार वर्षांचे होते. "सामान ठेवायच्या आधी आजीनं घरभर फिरून पाहिलं," ते सांगत होते. "मागच्या अंगणातलं संडासाचं दार उघडून तिनं विचारलं, 'हा कोणाकोणात आहे?' बापूजी म्हणाले, 'कोणात नाही. आपलाच.' तेव्हा ती रडली. लाहोर सोडताना रडली नव्हती. वाटेत आजोबा गेले तेव्हाही आम्हाला दिसेल असं रडली नव्हती. तिथं मात्र अंगणात बसून रडली."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्याकडे होते, पण ते गल्लीत उभे राहून सांगायचे नव्हते.

आम्ही त्यांच्या जुन्या घरापाशी आलो. विटांच्या जाळीची भिंत, बुटके दार. घर आता दुसऱ्याच कोणा कर्मचाऱ्याच्या नावावर. बापूजी निवृत्त झाले तेव्हाच यांनी ते सोडले. मागच्या अंगणावर पत्रा पडला होता, जाळीला आतून पुठ्ठा लावला होता. दारात एक बाई भाजी निवडत बसल्या होत्या. "किसे मिलना है?" "कोणाला नाही बेटा, मी इथं वाढलो." एवढे पुरले. भाजीची परात बाजूला गेली, आतून दोन खुर्च्या आल्या, पाणी आले, चहा आला आणि नको नको म्हणताना मठरीही आली. सरदारजींनी उठून जाळीच्या एका भोकात बोट घातले. "यातून मी रस्ता बघायचो," ते म्हणाले. बाई हसून म्हणाल्या, "माझा मुलगाही तेच करतो, म्हणून तर पुठ्ठा लावला."

मग मी माझे सांगितले. नायगावची बीडीडी चाळ. इंग्रजांनी १९२० च्या दशकात कामगारांसाठी बांधलेली. १६० चौरस फुटांची खोली, आम्ही आठ माणसे. संडास मजल्याच्या टोकाला, सामायिक. पहाटे वडील टमरेल घेऊन रांगेत उभे राहत आणि आमच्यापैकी एकाला पाठीमागे नंबर धरायला उभे करत. आठ वाजता त्यांना साहेबाचे टेबल पुसायचे असे. चाळीबद्दल मी कादंबरीत लिहिले आहे, लोकांना ते आवडले. शेजारधर्म, गणपती, कॅरम, सगळे खरे आहे. पण ती रांगही खरी आहे आणि तिच्याविषयी मी फारसे लिहिलेले नाही. आईच्या, बहिणींच्या वाट्याला ती कशी आली असेल याविषयी तर एक ओळही नाही. १९५५ च्या आसपास देशात कोणीतरी बसून शिपायाच्या घराचा नकाशा काढत होते, त्यात संडासाला दार काढत होते, हे मला त्या वयात कळले असते तर मी काय केले असते कोण जाणे. बहुधा वडिलांना चंडीगडला बदली मागायला सांगितले असते.

सरदारजींना मी विचारले, आता आपण कुठे राहता? ते हसले. "मोहालीच्या पुढे. इथे घर घेणं वीज खात्यातल्या हेडक्लार्कला कुठलं परवडतं? संध्याकाळी बस धरून फिरायला येतो. घर सरकारचं होतं, आठवण आमची."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुखना तलावावर गेलो. १९५८ मध्ये डोंगरातून येणाऱ्या ओढ्याला बांध घालून हा केला. बांधावरच्या फिरण्याच्या रस्त्यावर मोटारी येऊ द्यायच्या नाहीत, हा कॉर्बुझिएचा आग्रह आजही पाळला जातो. समोर शिवालिकचे डोंगर, पाण्यावर धुके, आणि सकाळी सहालाच निम्मे शहर चालत होते. न्यायाधीश कोण आणि कारकून कोण, मफलरीत ओळखू येत नव्हते. मी एका बाकावर बसलो. पिएर जानरे १९६७ मध्ये जिनिव्हात वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा पुढे १९७० मध्ये या पाण्यात सोडण्यात आली. कॉर्बुझिएने जगाला दाखवायच्या इमारती उभ्या केल्या. जानरेने शाळा, घरे, खुर्च्या केल्या. त्याच्या सागवानी-वेताच्या खुर्च्या इथल्या कचेऱ्यांत मोडीत निघाल्या, भंगारात विकल्या गेल्या आणि परदेशातल्या लिलावांत लाखो रुपयांना गेल्या. २०११ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या विक्रीवर निर्बंध घातले. कोणत्याही कचेरीच्या डेड स्टॉक रजिस्टरवर एकदा तरी डोळे मिटून सही केलेल्या माणसाला हे वाचून घाम फुटावा.

तिथून कॅपिटॉल संकुल जवळच आहे. ओळखपत्र दाखवून, गाइडबरोबर आत सोडतात. सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय. २०१६ पासून जागतिक वारसा. १ नोव्हेंबर १९६६ ला हरियाणा वेगळा झाला आणि शहर केंद्रशासित होऊन दोन्ही राज्यांची राजधानी राहिले. एकाच विधानभवनात दोन राज्यांची सभागृहे, एका घरात दोन भावांच्या दोन चुली म्हणतात तशी. राज्यपालांचा महाल मात्र कधी बांधलाच गेला नाही. लोकशाहीत तो शोभणार नाही, असे नेहरूंना वाटले. शहरात व्यक्तींचे पुतळे उभारायचे नाहीत, असेही कॉर्बुझिएच्या सनदेत लिहून ठेवले आहे. पुतळ्याऐवजी २६ मीटर उंचीचा एक पत्र्याचा हात आहे, देण्यासाठी आणि घेण्यासाठी उघडा. वाऱ्याबरोबर तो फिरतो. कॉर्बुझिए गेल्यावर वीस वर्षांनी, १९८५ मध्ये तो उभा राहिला.

मला मात्र त्याहून जास्त आवडली ती एका रोड इन्स्पेक्टरची बाग. नेकचंद सैनी. गाव फाळणीत पाकिस्तानात गेलेले. नोकरी बांधकाम खात्यात. शहर वसवण्यासाठी जी गावे उठवली, त्यांच्या मोडलेल्या घरांचे तुकडे, फुटक्या बांगड्या, कपबश्या, सिंक, फरशा तो सायकलवरून गोळा करी आणि जंगलातल्या राखीव जागेत, कोणाला न सांगता, रात्री त्यांची माणसे, प्राणी, पाखरे घडवी. सुमारे अठरा वर्षे हे चालले. १९७० च्या दशकाच्या मध्यावर ते अधिकाऱ्यांच्या नजरेस पडले. नियमाप्रमाणे ते पाडायला हवे होते. पण कोणीतरी नियमापेक्षा मोठे झाले. १९७६ मध्ये बाग लोकांना खुली झाली, नेकचंदला तिथेच काम मिळाले आणि १९८४ मध्ये पद्मश्री. २०१५ मध्ये तो गेला. आखीव शहराने जे टाकून दिले, त्यातून एका कनिष्ठ नोकराने दुसरे शहर उभे केले. तिथे एक रस्ता सरळ नाही. बांगड्यांच्या त्या शेकडो बायका रांगेत उभ्या असलेल्या पाहून माझ्या मनात आले, या कोणत्या गावच्या?

त्याचे उत्तर परतीच्या वाटेवर मिळाले. गुडघ्याने अखेर राजीनामा दिला होता, म्हणून मी सायकल रिक्षा केली. चालवणारा पन्नाशीचा, उत्तर प्रदेशातून आलेला. बोलता बोलता मी विचारले, "तुम्ही कोणत्या सेक्टरात राहता?" तो मागे न पाहता म्हणाला, "साहेब, आम्हाला सेक्टर नसतो. आम्हाला कॉलनी असते."

हे शहर बांधायला जे मजूर आले, त्यांच्यासाठी नकाशात चौदावे, पंधरावे घर नव्हते. पाच लाख लोकांसाठी आखलेल्या शहरात २०११ च्या जनगणनेला साडेदहा लाख माणसे होती. ज्यांना जागा नव्हती त्यांनी झोपड्या बांधल्या. त्यांनाही आकडेच मिळाले. कॉलनी नंबर ४, कॉलनी नंबर ५. २०१३ मध्ये पाच नंबर जमीनदोस्त झाली, २०२२ मध्ये चार नंबर. ज्यांची कागदपत्रे पुरी होती, त्यांना कडेला छोटी घरे मिळाली, बाकीचे पांगले. बुडैल, अटावा ही जुनी गावे आज सेक्टरांच्या पोटात आहेत. तिथे शिरलो तर अरुंद गल्ल्या, लटकत्या तारा, एकावर एक चढवलेल्या खोल्या. क्षणभर पहाडगंजच वाटले. म्हणजे शांततेचाही एक ताळेबंद असतो. डाव्या बाजूला जे दिसत नाही ते उजव्या बाजूला असतेच, पाने उलटायची तयारी हवी.

मग ही आखणी फसली म्हणायची का? रिक्षातून उतरताना मी हाच विचार करत होतो. मला तसे वाटत नाही. चंडीगडची चूक शिपायाचा विचार करण्यात नव्हती. शिपायाच्या खालीही कोणी असतो, हे विसरण्यात होती. आपल्याकडे नवी मुंबईची कल्पना १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली, १९७० मध्ये सिडको आली. तिथेही भूखंड, सेक्टर, रुंद रस्ते झाले आणि तिथेही घरकामाच्या बायका कुठे राहणार हा प्रश्न उरलाच. प्रत्येक पिढीने आपल्या यादीत एक नंबर वाढवायचा असतो. ज्यांनी तेरापर्यंत यादी नेली त्यांना हसण्याआधी आपली यादी कितीवर थांबते, हे पाहावे.

शेवटच्या दिवशी सकाळी सरदारजी बसस्टँडवर आले होते. हातात कागदाची पुडी. घरचे पिन्नीचे लाडू. "भाभीजींना द्या आणि सांगा की गुडघा ठीक आहे." मी त्यांना मुंबईला यायचे आमंत्रण दिले. ते म्हणाले, "तुमची खोली बघायला येईन." मी सांगितले की नायगावची खोली धाकट्या भावाकडे आहे. बीडीडी चाळी पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत. २०२५ मध्ये वरळीतल्या काही जणांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, भावाचीही पाळी येईल. "मग लवकर येतो," ते म्हणाले.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. ती गाडी सुटल्यावर आठवली.

१९९१ मध्ये बँकेचे कर्ज काढून मी डोंबिवलीत घर घेतले आणि आईवडिलांना घेऊन गेलो. वडील तेव्हा सहा वर्षे निवृत्त होते. ते घर त्यांना फार आवडले. फक्त एक सवय शेवटपर्यंत गेली नाही. पहाटे संडासात गेले की ते दोन मिनिटांत घाईने बाहेर येत आणि दारापाशी उभे राहून कोणाला तरी म्हणत, "जा, झालं माझं." बाहेर कोणी नसे. आम्ही हसायचो. तेही हसायचे. दोन वर्षांनी ते गेले.

पानिपत आले. मी खिडकीबाहेर पाहिले नाही. पुडी सोडून एक लाडू खाल्ला आणि बाकीचे नीट बांधून सॅकमध्ये ठेवले.